काटा, फाटा, संगम

(पडद्यावर: खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन. बशीच्या काठावर टेकलेला काटा.)

आमच्या घरात काटे सहा आहेत. वर्षातून चारदा बाहेर निघतात, बाकी जेवण हातानंच. त्यामुळे काटा नीट बघायला मला कॅमेरा हाती यावा लागला.

या एका फोटोला तीन सकाळी गेल्या. पहिल्या दिवशी ट्यूबलाइट बंद करायची राहिली आणि काट्याला दोन सावल्या पडल्या. दुसऱ्या दिवशी स्टीलचं ताटच इतकं चमकलं की काटा त्यात हरवला. तिसऱ्या दिवशी आईनं चिनीमातीची बशी काढून दिली, खाली जुन्या धोतराचं पांढरं कापड अंथरलं आणि म्हणाली, "आता बघ." दात्यांच्या सावल्या कापडावर लांब पसरल्या. आंद्रे केर्तेस या हंगेरियन छायाचित्रकारानं १९२८ साली पॅरिसमध्ये बशीच्या काठावर टेकलेला एक काटा टिपला होता. एक काटा, त्याची सावली, बस. तो फोटो बघितल्यापासून मला जिथं तिथं काटे दिसतात. गुलेलीचं बेचकं, कापसाची वाळलेली पराटी, पळसाच्या पानातल्या शिरा, महादेवाच्या यात्रेत पचमढीजवळच्या चौरागडावर खांद्यावरून नेलेले त्रिशूळ. आणि नद्या.

काट्याचा दांडा कुठला, दाते कुठले, हे लहान पोरालाही कळतं. नदीच्या फोटोत तसं होत नाही. पाण्याच्या दोन रेघा एका रेघेला भेटलेल्या दिसतात, पण एक नदी फुटली की दोन मिळाल्या? फाटा की संगम? फोटो काहीच बोलत नाही. या प्रश्नापायी मी पावसाळा सरल्यावर नागपूरच्या आसपासचं पाणी धुंडाळत निघालो.

(पडद्यावर: नाग नदी, पुलाखालचा पांढरा फेस.)

आपल्याकडे सगळे संगमच. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून अंबाझरीमार्गे येते, पिवळी नदी गोरेवाड्याकडून. दोघी शहराच्या पूर्वेला एकमेकींना भेटतात आणि पुढे कन्हानला मिळतात. नागेच्या पाण्यावर फेस तरंगतो. त्या फेसामुळे प्रवाहाची प्रत्येक वळी कॅमेऱ्यात स्वच्छ उमटते. फोटो चांगला येतो आणि आपल्या शहराचं नाव जिच्यावरून पडलं, तिची ही दशा बघून जीव कळवळतो.

कामठीपाशी कन्हानला पेंच आणि कोलार मिळतात. तिथून खाली गेलं की अंभोरा. इथं कन्हान वैनगंगेत उतरते. पाच नद्यांचा संगम म्हणून या जागेची ख्याती. पण गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे इथपर्यंत तुंबतं, त्यामुळे समोर दिसतो तो अथांग, थबकलेला जलाशय. पुलावर उभा राहून मी तासभर बघत होतो. कोण कुणात मिळतंय, पत्ताच लागेना.

खाली काठावर मासेमारी करणारे एक ढिवर काका डोंगा बांधत होते. त्यांना विचारलं. म्हणाले, "पाण्याले काय इचारता, भाऊ? वरचा पाला पाहा, कोनीकडं जाते तो."

(पडद्यावर: पाण्यात रोवलेला बांबू, शेजारून सरकणारं पान.)

पाणी पुरेसं वाहत असेल, तर कॅमेरा तिपाईवर लावून त्याची झडप, म्हणजे शटर, अर्धा सेकंद उघडी ठेवायची, म्हणजे फेसाच्या रेघा उमटतात. जास्त वेळ उघडी ठेवली की सगळं दुधासारखं एकजीव होतं. पण नुसत्या रेघेला टोकं दोन असतात, पाणी कुठल्या टोकाकडे जातंय ते ती सांगत नाही. त्यासाठी प्रवाहात काहीतरी अडसर लागतो. जाळं बांधायला रोवलेल्या बांबूमागे पाण्याची एक छोटी शेपटी फुटते आणि ती नेहमी खालच्या बाजूला उघडते. संगमाचं टोक खाली, बांबूच्या शेपटीचं टोक वर. एकाच फोटोत दोन काटे, उलट्या तोंडांचे.

आता मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट सांगतो. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फ्लोरिडातले, जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर वाढलेले ओढे मोजले. दोन ओढे मिळतात तिथला कोन सरासरी ७२ अंशांच्या आसपास भरला, म्हणजे वर्तुळाचा पाचवा भाग. कारण असे ओढे वरच्या दिशेनं वाढतात. जिकडून जास्त पाणी झिरपतं तिकडे ओढ्याचं वरचं तोंड जमीन कोरत मागे सरकतं आणि कधी दोन तोंडांत फुटतं. म्हणजे पाण्यासाठी जो संगम, तोच जमीन कोरत जाणाऱ्या ओढ्यासाठी फाटा! हे वाचलं त्या रात्री मी जुने सगळे फोटो पुन्हा काढून बघितले. कोनमापकही लावला, पण पुलावरून तिरपा घेतलेला फोटो कोन चुकीचा दाखवतो. तो बरोबर डोक्यावरूनच घ्यावा लागतो.

वैनगंगा पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते. इतका वेळ मिळत, मिळत आलेलं हे पाणी आंध्रात धवळेश्वरमच्या खाली पहिल्यांदा खऱ्या अर्थानं फुटतं. एक शाखा गौतमी, दुसरी वसिष्ठा. नागेचं पाणी त्यातल्या कुठल्या फाट्यानं समुद्राला जात असेल?

(पडद्यावर: अंभोरा, संध्याकाळ. पान बांबूच्या अलीकडे. मग तेच पान बांबूच्या पलीकडे.)

हे दोन फोटो काकांना दाखवले. दोन्ही नीट बघून त्यांनी बोटानं दिशा दाखवली आणि डोंगा त्याच बाजूला लोटला.