ठिपके गेले, रोग गेला नाही

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय 'टँकमधल्या माशांचे परजीवी'. त्यात चार-पाच रोग येतात. पण बराचसा वेळ मी एकट्या पांढऱ्या ठिपक्यांना देणार, कारण औषध बरोबर असूनही मासे जातात ते इथेच.

समोर द्राक्षवाले बसलेत, त्यांना हे पटकन पटेल. डावणी, म्हणजे द्राक्षाच्या पानांवरचा रोग, पानात शिरली की वरून मारलेलं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, तिच्यापर्यंत पोचत नाही. ठिपक्यांचंही तसंच. तो रव्याएवढा दाणा म्हणजे इक्थिओफ्थिरियस नावाचा एकपेशीय जीव. तो कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून पडतो, तळाशी कवच करतो, आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर येतात. औषधाने मरतात ती हीच. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही, तर ती उपाशीच संपतात.

आता सांगा, चौथ्या दिवशी मासा स्वच्छ दिसला तर काय करायचं? 'औषध बंद', बरोबर? नाही हो! दाणे तळाशी गेलेत, पिल्लं निघायची आहेत. पंचविसेक अंशांना हा फेरा साधारण आठवड्याचा. पाणी जितकं थंड, तितका तो लांबतो. निफाडची थंडी मी तुम्हाला काय सांगणार? हीटर नसेल तर जानेवारीत पाच दिवसांचं औषध वाया जातं.

म्हणून हीटर लावा, दर काही तासांनी एकेक अंश चढवत २८ वर आणा. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि परजीवी कल्ल्यांतही असतो, तेव्हा एअर पंप रात्रंदिवस चालू. मग मीठ. ६० × ३० × ३० सेंटिमीटरचा टँक कागदावर ५४ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की धरा ४५. लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ९० ग्रॅम खडेमीठ, वेगळ्या पाण्यात विरघळवून दीड दिवसात तीन हप्त्यांनी. मीठ उडून जात नाही: आटलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घाला, पण १० लिटर बदललंत तर २० ग्रॅम मीठ परत द्या. कोरीडोरास, लोच यांसारखे तळाशी राहणारे मासे आणि झाडं असतील तर निम्म्यावर थांबा. दिवसाआड नळीने तळ ओढा, कवचं तिथेच असतात. मॅलाकाइट ग्रीन वापरणार असाल तर फिल्टरमधला कार्बन आधी काढा, तो औषध शोषतो. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी दहा दिवस.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. बाकीचं भरभर सांगतो.

अंधारात टॉर्च तिरका धरा. माशाच्या अंगावर सोनेरी भुकटी चमकली तर तो व्हेल्व्हेट, दुसऱ्या एका परजीवीचा रोग. तांब्याचं औषध, आणि टँकवर कापड, कारण हा जीव उजेडावरही जगतो. तांब्याने गोगलगायी आणि कोळंबी मरतात, त्या आधी हलवा.

ठिपके नाहीत, पण मासा दगडाला अंग घासतोय, एकच कल्ला हलतोय, तर संशय फ्लूकचा, म्हणजे माशाला चिकटणाऱ्या बारीक चपट्या किड्याचा. प्राझिक्वांटेल, लिटरला २ मिलिग्रॅम. कल्ल्यांवरचा फ्लूक अंडी घालतो आणि अंड्यांवर हे चालत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा तोच डोस.