कांद्याचा वरचा पदर

श्रोतेहो, नमस्कार.

औषधाच्या दुकानात हल्ली क्वेर्सेटिनच्या कॅप्सूलची बाटली दिसते. किंमत पाहून आपण ती परत ठेवतो, आणि घरी आल्यावर तोच पदार्थ ओल्या कचऱ्यात टाकतो.

कांदा सोलताना एकदा नीट बघा. कोरडं साल सहज निघतं. त्याच्या खालचा पदर अर्धा वाळलेला, अर्धा रसाळ असतो. नखानं सुटत नाही, मग घाईत आपण अख्खा पदरच ओढून काढतो. क्वेर्सेटिन हे वनस्पतींत सापडणाऱ्या फ्लॅव्होनॉइड नावाच्या द्रव्यांच्या गटातलं, पिवळसर. कांद्यात ते बाहेरून आत कमी होत जातं: कोरड्या सालात सर्वांत जास्त, त्याखालोखाल बाहेरच्या रसाळ पदरांत, आणि गाभ्यात अगदी थोडं. 100 ग्रॅम लाल कांद्यात ते साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम असतं. पांढऱ्या कांद्यात जवळजवळ नाहीच. अलिबागकरांनी रागावू नये, त्यांच्या कांद्याची गोडी कुणी हिरावून घेत नाही!

वनस्पती अशी द्रव्यं बनवते ती स्वतःसाठी, उन्हातल्या अतिनील किरणांपासून आडोसा म्हणून. कांद्याला आणखी एक फायदा होतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले संशोधक एक कोडं सोडवत होते: एक बुरशी पांढऱ्या कांद्यावर डाग पाडते, मग रंगीत कांद्याला का सोडते? 1929 मध्ये कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगीत सालातून बुरशीला रोखणारं एक आम्ल वेगळं काढलं. क्वेर्सेटिन मोडलं की तेच आम्ल तयार होतं, हे पुढे कळलं.

आता माणसाचं. 1993 मध्ये नेदरलँड्समधल्या झुटफेन गावच्या 805 वयस्कर पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चहा, कांदा आणि सफरचंदातून जास्त फ्लॅव्होनॉइड मिळणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले. पण अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. 2007 मध्ये अमेरिकेत थोड्या लोकांना रोज 730 मिलिग्रॅम क्वेर्सेटिन 28 दिवस दिलं. ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता, त्यांचा वरचा आकडा सरासरी 7 नं उतरला. नुसता काठावर असलेल्यांना फरक पडला नाही.

बाकी कर्करोगापासून म्हातारपणापर्यंतचे जे दावे तुमच्या व्हॉट्सॲपवर येतात, त्यांतले बहुतेक प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर केलेल्या प्रयोगांवरचे. तिथे शुद्ध क्वेर्सेटिन थेट पेशींवर ओततात. आपल्या पोटात तसं होत नाही. आतडं आणि यकृत त्याला लगेच दुसरे रेणू जोडतात, आणि रक्तात फिरतं ते हे बदललेलं रूप. म्हणून बशीतला निकाल जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही.

500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे सव्वा ते अडीच किलो कांदा. एवढी मात्रा दुसऱ्या औषधांच्या कामात ढवळाढवळ करू शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरीनसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल घेऊ नका. गंमत अशी, की वॉरफरीनही त्याच लिंक यांच्या प्रयोगशाळेतून आलं, आणि आधी उंदीर मारायला वापरलं गेलं.

जेवणातल्या कांद्याची अशी भीती नाही. परतून फार काही जात नाही. उकडलं तर क्वेर्सेटिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी रश्शातच राहू द्या.

आणि कोरड्या सालांचं काय? भाजीवाल्याकडे ती पोत्यानं पडलेली असतात. धुवून तासभर उकळा, गाळा. सुती कापड आधी हिरड्याच्या आणि मग तुरटीच्या पाण्यातून काढून या सालांच्या पाण्यात बुडवा; सोनेरी ते तांबूस रंग चढतो. पातेलं स्टीलचं घ्या, लोखंडाचा अंश लागला तर रंग काळपट हिरवा होतो. आणि कापड सावलीतच वाळवा, हा रंग उन्हात विटतो.

नमस्कार.