नाव होतं तेव्हा खातं उघडलं जातं

श्रोतेहो, नमस्कार.

२ जून २०२१. लॉर्ड्सवर इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड कसोटी. सत्तावीस वर्षांचा ऑली रॉबिन्सन इंग्लंडकडून पहिलीच कसोटी खेळत होता. सकाळी इंग्लंडचे खेळाडू भेदभावाचा निषेध करणारे टी-शर्ट घालून एका रांगेत उभे राहिले, त्यांत तोही होता. दिवसभरात त्याने दोन बळी घेतले. आणि त्याच दिवशी त्याची जुनी ट्विट्स सगळीकडे फिरू लागली. वंशद्वेषी, बायकांबद्दल हिणकस. अठरा ते वीस या वयात लिहिलेली. संध्याकाळी त्याला कॅमेऱ्यासमोर माफी मागावी लागली. सामन्यात एकूण सात बळी घेऊनही सामना संपल्यावर तो निलंबित झाला. पुढे आठ सामन्यांची बंदी आली, त्यातली पाच सामन्यांची स्थगित ठेवली गेली, आणि ३,२०० पौंडांचा दंडही झाला.

ती ट्विट्स कितीतरी वर्षं तिथेच पडून होती. कोणी पाहिली नाहीत, कारण पाहावं असं त्याचं नाव झालं नव्हतं. मला यातलं हेच फार महत्त्वाचं वाटतं. ‘आपल्याला कोण विचारतंय’ म्हणून आपण बिनधास्त लिहितो; पण समाजमाध्यमावरचं आपलं खातं लोक उघडतात ते आपली निवड होते, बढती मिळते, लग्न ठरतं किंवा आपण निवडणुकीला उभे राहतो तेव्हा. म्हणजे नेमकं वर चढताना.

आपल्याकडे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं-मुली आहेत. त्यांनी एक शासन निर्णय जरूर वाचावा. २८ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल सूचना काढल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची. राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करायची नाही. सरकारी गाडी, इमारत, गणवेश, बोधचिन्ह हे वैयक्तिक खात्यावरच्या फोटोत, रीलमध्ये दिसता कामा नये. गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकायचा नाही. कंत्राटी कर्मचारीही यातून सुटलेले नाहीत. मोडलं, तर शिस्तभंगाची कारवाई.

यातले बरेच नियम मला रास्त वाटतात. टीकेबद्दलचा मात्र खुपतो. शाळेला शिक्षक कमी पडतायत हे शिक्षकाने नाही सांगायचं, तर कोणी? त्रिपुरात एका महिला कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या तोंडावर राजकीय सभेला जाणं आणि फेसबुकवरची पोस्ट यांवरून निलंबित केलं होतं. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि सांगितलं, सरकारी नोकर झाल्याने भाषणस्वातंत्र्य संपत नाही. सेवानियमांच्या मर्यादेत ते राहतंच. निकाल तिच्या बाजूने लागला, पण निलंबनापासून तिथपर्यंत पोचायला दीड वर्षाहून अधिक काळ गेला. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलाला तेवढी कोर्टकचेरी परवडत नाही.

म्हणून गप्पच बसावं का? मुळीच नाही. वेल्डिंग करणाऱ्याने आपल्या कामाचे फोटो टाकावेत, प्राध्यापिकेने तिच्या विषयावर लिहावं, प्रोग्रामरने आपला कोड खुला ठेवावा. बायोडाटा ‘मला येतं’ एवढंच म्हणतो. खात्यावर प्रत्यक्ष काम दिसतं. फक्त खातं लॉक केलं, ग्रुप घरचाच आहे, यावर विसंबू नका. स्क्रीनशॉट कोणीही काढतं. फेसबुकवर ॲक्टिव्हिटी लॉग उघडून कॉलेजच्या वर्षांतलं आपलंच लिखाण एकदा वाचा. कुणाच्या जातीवरून, रूपावरून केलेली थट्टा सापडली तर काढून टाका, आणि तो माणूस ओळखीचा असेल तर त्याच्याशी बोला.

आणि मुलाखती घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. उमेदवाराची जुनी पोस्ट समोर आली की आधी तिची तारीख पाहा, तेव्हाचं त्याचं वय पाहा, नंतरच्या वर्षांत तो काय लिहीत होता तेही वाचा. मग त्याला समोर बसवून त्याबद्दल विचारा. त्याला कळवलंच नाही आणि नाव यादीतून गेलं, तर त्याने उत्तर द्यायचं कुठे?

नमस्कार.