झोपेची गोळी आणि सकाळची शुगर

श्रोतेहो, नमस्कार.

मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा माणूस. रात्री नऊनंतर येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून एक मागणी हल्ली फार ऐकू येते: "झोपेची ती साधी गोळी द्या, सवय न लागणारी." ही गोळी म्हणजे मेलाटोनिन. आणि ती मागणाऱ्याच्या पिशवीत बऱ्याचदा मधुमेहाच्या गोळ्याही असतात. या दोन औषधांचा एकमेकांशी संबंध येतो, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आज या विषयावर बोलायचं ठरवलं.

मेलाटोनिन आपलं शरीर रोज स्वतःच तयार करतं. मेंदूच्या आत खोलवर पिनियल नावाची इवलीशी ग्रंथी आहे. अंधार पडला की ती कामाला लागते. झोपेच्या सुमारे दोन तास आधी रक्तातलं मेलाटोनिन चढू लागतं, मध्यरात्रीनंतर सर्वात जास्त होतं आणि उजाडता उजाडता उतरतं. १९५८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात आरन लर्नर यांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं. लर्नर त्वचारोगतज्ज्ञ होते, त्यांना शोध घ्यायचा होता तो कातडीच्या रंगाचा.

आता मुद्द्याचं. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्सुलिन बनवतात, त्यांच्यावरही मेलाटोनिनला ओळखणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतात. रात्र झाली, आता खाणं येणार नाही, तेव्हा इन्सुलिन सोडताना हात आखडता घ्या, असा निरोप मेलाटोनिन त्यांना देतं. रात्रभर पोट रिकामं असतं तेव्हा ही व्यवस्था अगदी योग्य आहे. घोटाळा होतो तो निरोप पोचल्यावर वरण-भाताचं ताट समोर आलं तर. साखर रक्तात चढते आणि तिला आवरायला इन्सुलिन पुरेसं येत नाही.

हे नुसतं अनुमान नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २१ निरोगी तरुणींना ५ मिलिग्रॅमची गोळी देऊन ग्लुकोजचं पाणी पाजलं. सकाळी दिली तेव्हाही आणि संध्याकाळी दिली तेव्हाही, साखर नेहमीपेक्षा जास्त चढली. २०२२ साली स्पेनमध्ये ८४५ जणांवर आणखी मोठा अभ्यास झाला. त्यात कुणालाही गोळी दिली नव्हती. ग्लुकोजचं पाणी एकदा झोपायच्या चार तास आधी दिलं, एकदा फक्त एक तास आधी. उशिराच्या वेळी शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन साडेतीन पट होतं, इन्सुलिन कमी सुटलं आणि साखर जास्त राहिली. काही लोकांत मेलाटोनिनच्या या ग्राहीच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार असतो, त्यांच्यात हा फरक अधिक ठळक दिसला. आपल्यात तो प्रकार आहे की नाही, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

मग मेलाटोनिन मधुमेह्यांचं वैरी का? तसंही नाही, श्रोतेहो, आणि ही बाजू सांगितली नाही तर मी अर्धंच बोललो असं होईल. इस्राएलमध्ये निद्रानाश असलेल्या ३६ मधुमेही रुग्णांना हळूहळू विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी दिली. तीन आठवड्यांत साखरेत फरक पडला नाही, पण झोप सुधारली. पुढे पाच महिने गोळी चालू ठेवल्यावर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी ९.१३ वरून ८.४७ वर आलं. मात्र त्या पाच महिन्यांत तुलनेला गोळी न घेणारा गट नव्हता, म्हणून त्यावर फार भार टाकता येत नाही. उलट, मधुमेही पुरुषांना तीन महिने रोज १० मिलिग्रॅम दिल्यावर त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी झाल्याचंही दिसलं आहे. आणि झोपच झाली नाही तरी साखर बिघडते, हे तर घरोघरी अनुभवाचं आहे. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडतो तो मात्रेने आणि जेवणाशी असलेल्या अंतराने.

एक काकू आमच्याकडे नेहमी येतात. उपाशीपोटीची साखर महिनाभर वर का, हे त्यांना कळेना. त्यांनी वही दाखवली. शाळकरी मुलांची दुरेघी वही, डावीकडे तारीख, उजवीकडे ग्लुकोमीटरचा आकडा. मी विचारलं, "काकू, जेवता किती वाजता?" म्हणाल्या, "मुलगा शेवटच्या पाळीवरून येतो, साडेदहा होतात. जेवले की लगेच ती झोपेची गोळी घेते आणि आडवी होते." मी त्यांना वहीत आणखी दोन रकाने आखून दिले: जेवणाची वेळ आणि गोळीची वेळ. मग ती वही घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी बदलायची की बंद करायची, हे मी ठरवायचं नाही.

तुम्हालाही एवढंच सांगेन. मधुमेहाच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल आवर्जून सांगा; "ते काय साधंच आहे" म्हणून गाळू नका. जेवण आणि गोळी यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवता येईल का, ते त्यांना विचारा. गोळी घेतल्यावर फळ, दूध-बिस्किट काही नको. इन्सुलिन घेणाऱ्यांना रात्री साखर उतरल्याची भीती असेल तर त्यांनी मात्र खाण्याचा नियम डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. आणि दहा मिलिग्रॅम म्हणजे पाचपेक्षा दुप्पट चांगली झोप, असं समजू नका. डब्यावरच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास नको: २०२३ साली अमेरिकेत चघळायच्या मेलाटोनिनचे २५ नमुने तपासले, त्यातल्या २२ मध्ये लिहिलेलं आणि असलेलं प्रमाण जुळत नव्हतं.

काकू आता आठ वाजता जेवतात. गोळीचं पुढे काय करायचं ते त्यांचे डॉक्टर पाहत आहेत. मला त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, गोळी सोडायला सांगितली असती तर सोडली असती. पण मुलाच्या आधी ताटावर बसायचं, ते फार जड गेलं." आता मुलगा आला की त्या त्याला वाढतात आणि नुसतं पाणी घेऊन शेजारी बसतात.

नमस्कार.