राजाचा मेहुणा

उज्जयिनीचा राजरस्ता, रात्रीची वेळ, काळोख दाटलाय आणि गणिका वसंतसेना जीव मुठीत धरून पळतीये. मागे तिघं लागलेत, एक नोकर, एक चांगला शिकलेला सोबती म्हणजे विट, आणि हे सगळं ज्याच्यासाठी चाललंय तो शकार, राजाचा मेहुणा. शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकाचा पहिला अंक.

सीन खरं तर अंगावर काटा आणणारा आहे. पण शकार तोंड उघडतो आणि हसू येतंच. म्हणतो, रावणाच्या तावडीत कुंती सापडावी तशी तू मला सापडलीयेस. वर विचारतो, रामाला घाबरलेल्या द्रौपदीसारखी का पळतेस? आणि मग, हनुमानानं सुभद्रेला पळवली तसा तुला पळवतो बघ!

कुंती कुठे, रावण कुठे. पण नुसता अडाणीपणा म्हणून हे सोडून देऊ नका, नीट बघा, त्याला स्वतःला कायम कुणीतरी मोठं व्हायचंय, कधी रावण, कधी राम, कधी हनुमान, आणि दरवेळी तो उसनी घेतलेली नावं स्वतःच उलटीपालटी करून टाकतो. त्याला मूर्ख ठरवायला शूद्रकाला दुसरं कुणी लागतच नाही.

त्याचं नावसुद्धा त्याच्या जिभेवरनं पडलंय. तो 'स' चा 'श' करतो, म्हणून शकार. 'र' चा 'ल' पण करतो, म्हणजे ज्या राजाच्या जिवावर एवढा माज त्या राजाचा, नाटकातल्या प्राकृत बोलीत 'राआ'चा, तो 'लाआ' करून टाकतो.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. वसंतसेना वैतागून म्हणते, शांतं, म्हणजे बस कर, चालता हो इथून. प्राकृतात 'शांत' आणि 'श्रांत' जवळजवळ सारखेच ऐकू येतात, त्यामुळे याला ऐकू येतं की तू दमलायस! आणि हा खुश, विटाला सांगतो की बघ, हिचा माझ्यावर जीव आहे, दमलास का विचारतीये, आणि मग तिला समजावतो की अगं मी कुठल्या परगावी गेलो नव्हतो, तुझ्याच मागे पळून दमलोय, शपथ घेतो, विटाच्या डोक्याची आणि स्वतःच्या पायांची. हाकलून दिलं तरी त्याला लाड ऐकू येतात. एका शब्दाच्या दोन अर्थांत अख्खा माणूस उभा केलाय, याला म्हणतात लिहिणं.

पुढे तर गळ्याचंही कौतुक, मी हिंग, जिरं, सुंठ, गूळ खातो, मग आवाज गोड का नसेल! नवव्या अंकात हा कोर्टात येतो तो केसांचं वर्णन करतच, क्षणात गाठ, क्षणात जटा, क्षणात मोकळे, क्षणात वर बांधलेले, असा मी चित्रविचित्र राजाचा मेहुणा. आणि लगेच नातं सांगतो, माझा बाप राजाचा सासरा, राजा माझ्या बापाचा जावई, मी राजाचा मेहुणा, राजा माझ्या बहिणीचा नवरा. एकच नातं चार वेळा!

पण तोवर आपलं हसू घशात अडकलेलं असतं. कारण आठव्या अंकात यानंच वसंतसेनेचा गळा दाबलाय, ती मेली असं समजून निघून गेलाय, आणि आता तोच आळ चारुदत्तावर, वसंतसेनेचं ज्याच्यावर प्रेम आहे त्या गरीब ब्राह्मणावर, घालायला आलाय. न्यायाधीश आज ऐकायचं नाही म्हणतो तेव्हा हा सरळ धमकी देतो, राजाला सांगून तुला काढून टाकतो म्हणून. आणि न्यायाधीश ऐकतो. तीच जीभ, तेच 'श' आणि 'ल', पण आता तिच्यामुळे एक निरपराध माणूस सुळाकडे निघालाय.

दहाव्या अंकात राजा पालक मारला जातो, वसंतसेना जिवंत समोर येते. मेहुणा आहे, पण राजाच उरला नाही. शकाराला हात बांधून आणतात, लोक त्याला मारायला टपलेत, आणि तो पडतो तो त्याच गरीब माणसाच्या पायांवर.

"चालुदत्ता, शलणागदे म्हि!" म्हणजे, चारुदत्ता, शरण आलोय!

चारुदत्त त्याला अभय देतो.