ट्रेलरचा मुक्काम किती दिवसांचा?

(दृश्य: मोकळ्या माळावर उभा ट्रेलर. आसपास विजेचा खांब नाही, नळ नाही.)

ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं छोटं घर. सोयीच्या कॅम्पसाइटवर तो लावला की एक वायर जोडायची, एक पाइप जोडायचा, आणि घर सुरू. इथे जोडायला काहीच नाही. जे बरोबर आणलंय, त्यावरच भागवायचं.

अशा मुक्कामाची तयारी म्हटली की बहुतेकांची नजर आधी छताकडे जाते. सौर पॅनेल किती बसतील? पण सुरुवात करायला हवी ती वहीपासून. २४ तासांत आपण काय काय वापरतो, ते आधी लिहून काढा.

हा कॉम्प्रेसरवर चालणारा फ्रिज. चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो, पण सलग चालत नाही. पुरेसा थंड झाला की थांबतो. दिवसभरात १० तास चालला, तर ४५० वॅट-तास. एलईडी दिव्यांचा खर्च किरकोळ. पाण्याचा पंप आवाज भरपूर करतो, पण चालतो मोजकी मिनिटं. छतावरचा पंखा आणि एक लॅपटॉप धरला, की बेरीज ७५० वॅट-तासांच्या आसपास जाते.

आता बॅटरी. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कागदावर १२०० वॅट-तासांची. पण ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर लवकर खराब होते, म्हणजे हाताशी ६०० च. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि वजनाला निम्म्याहून हलकी असते. तिचं एक पथ्य आहे: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. थंड प्रदेशात जायचं असेल, तर तिची जागा ट्रेलरच्या आत.

(दृश्य: छतावरचं पॅनेल, त्याच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली.)

ही सावली नीट पाहा. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे कोपरा झाकला तरी उत्पादनाचा तिसरा हिस्सा सहज जाऊ शकतो. त्यात छतावर आडवं पडलेलं पॅनेल, धूळ आणि उष्णता. २०० वॅटच्या पॅनेलमधून पाच तासांच्या चांगल्या उन्हात ७०० वॅट-तास मिळाले, तरी ते चांगलंच म्हणायचं. आपला खर्च ७५०. एक ढगाळ दिवस आला की तूट भरून निघत नाही. म्हणून ४०० वॅट हवेत.

आणि इथेच पेच पडतो. ट्रेलर थंड राहायला झाड हवं, पॅनेलला ऊन हवं. लांब केबल असलेलं एक सुटं पॅनेल हा पेच सोडवतं: ट्रेलर सावलीत, पॅनेल उन्हात. माझ्या मते छतावर तिसरं पॅनेल बसवण्याआधी हे एक घ्यावं.

विजेवर पाणी तापवायचा मोह मात्र टाळा. १५०० वॅटची किटली इन्व्हर्टरवर लावली, की १२ व्होल्टच्या बाजूने १२५ अँपिअरहून जास्त प्रवाह ओढला जातो. तेवढा प्रवाह पेलायला जाड आणि आखूड केबल लागते, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लागतो. फ्यूज लांब असेल, तर त्याच्या अलीकडच्या वायरला संरक्षणच उरत नाही. ती घासली गेली तर आग लागू शकते. चहाचं पाणी गॅसवरच ठेवावं. एअर कंडिशनर १२०० वॅटने रात्रभर चालवायचा, तर अशा सात-आठ लिथियम बॅटऱ्या लागतील. तो विचार सोडून दिलेला बरा.

(दृश्य: पाण्याच्या टाकीचं झाकण उघडतं.)

एवढं करून विजेचा प्रश्न सुटतो, कारण ऊन उद्या पुन्हा पडणार आहे. ही टाकी मात्र आपोआप भरणार नाही. मुक्काम किती दिवसांचा, हे शेवटी पाणी ठरवतं.

टाकी १५० लिटरची. दोघांनी मिळून दिवसाला २५ लिटर वापरलं, तर सहा दिवस. घरच्या सवयीने वापरलं, तर दुसरा दिवस उजाडेल की नाही शंकाच. नळातून गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं, ते खाली भांडं धरून साठवा. भांडी विसळायला तेच चालतं. ताटं आधी कागदाने स्वच्छ पुसून घेतली आणि मग फवारणीच्या बाटलीने धुतली, तर चार ताटांना लिटरभर पाणीही लागत नाही. आंघोळीत साबण लावताना नळ बंद.

आत आलेलं पाणी बाहेरही जायला हवं. सांडपाण्याची टाकी भरली, तर पिण्याचं पाणी शिल्लक असूनही मुक्काम आवरावा लागतो. कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालची टाकी बाहेर काढून रिकामी करता येणारं टॉयलेट, साधारण २० लिटरचं. दोघांना तीन-चार दिवस पुरतं. मग ते ठरलेल्या जागीच रिकामं करायचं. जमिनीवर नाही, ओढ्याजवळ तर मुळीच नाही.

शिवाय १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो वजन. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकवर असावा. टाकी चाकांच्या मागे असेल, तर ती भरल्यावर हुकवरचा भार कमी होतो आणि वेगात ट्रेलर डोलायला लागतो. म्हणून वजनकाट्यावर जायचं ते टाकी भरून, सामान लादून.

गॅसबद्दल थोडक्यात. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूपात येईनासा होतो. थंडीत प्रोपेन घ्यावा. दोन्ही हवेपेक्षा जड, म्हणून गळतीचा अलार्म जमिनीलगत बसवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा हवाच. शेगडी पेटली की खिडकी किलकिली ठेवा, आणि शेगडी खोली उबदार करायला कधीही वापरू नका.

खरेदीआधी एक रात्र घराजवळच ट्रेलरमध्ये काढा, बाहेरची वीज आणि पाणी न जोडता. सकाळी बॅटरी किती उतरली आणि टाकीत पाणी किती उरलं, दोन्ही वहीत लिहा. खरेदीची यादी त्यावरून करा.