तीन महिन्यांसाठी आलेली फौज

मंडळी, ‘शांतिसेना’ म्हटलं की आपल्यातल्या पन्नाशीपुढच्यांना श्रीलंका आठवते. १९८७ साली आपले जवान तिथे गेले, ज्यांच्याकडून शस्त्रं खाली ठेवून घ्यायची त्यांच्याशीच लढत बसले आणि १९९० साली परतले. पण ती फौज संयुक्त राष्ट्रांची नव्हती, दोन सरकारांच्या कराराने गेलेली होती. आज बोलायचंय ते दुसऱ्या बेटाबद्दल, सायप्रसबद्दल. फौज मागताना कागदावर कोणता शब्द पडला, याचे परिणाम किती वर्षं भोगावे लागतात, ते तिथे उघड दिसतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. सायप्रस १९६० साली ब्रिटिशांकडून सुटला. पाचांतले चार लोक ग्रीक, उरलेले बहुतेक तुर्की. घटनेने राष्ट्राध्यक्ष ग्रीक ठरवला, उपराष्ट्राध्यक्ष तुर्की. सरकारी नोकऱ्या ७०:३०, सैन्य ६०:४०. मोठ्या शहरांत नगरपालिकासुद्धा दोन-दोन! शिवाय ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हे तिघे या घटनेचे जामीनदार. घर दोघा भावांचं आणि किल्ल्या तीन शेजाऱ्यांकडे, असा तो मामला. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी घटनेत तेरा दुरुस्त्या सुचवल्या. तुर्कांच्या दृष्टीने त्यात त्यांचं संरक्षणच जात होतं. २१ डिसेंबरच्या पहाटे निकोसियात पोलिसांच्या तपासणीवरून गोळीबार झाला आणि आठवड्याभरात राजधानी फाटली.

३० डिसेंबरला ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी शहराचा नकाशा समोर घेतला आणि हिरव्या पेन्सिलीने त्यावर रेघ ओढली. या बाजूला हे, त्या बाजूला ते. जगभर गाजलेली ‘ग्रीन लाइन’ ती हीच. लाल पेन्सिल हाताला लागली असती, तर आज आपण ‘रेड लाइन’ म्हणत असतो. ती रेघ तात्पुरती होती. तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य किती असतं, हे आपल्याकडच्या ‘तात्पुरत्या’ पुलांनी आपल्याला शिकवलेलं आहेच.

आता मुख्य मुद्दा. फौज पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कशासाठी पाहिजे, यावर कोणाचंच नव्हतं. दोन्ही जमातींच्या मध्ये उभं राहायचं काम एकट्या ब्रिटिश सैनिकांवर पडलं होतं आणि ब्रिटनला ते ओझं वाटून टाकायचं होतं. म्हणून ब्रिटन आणि अमेरिकेने नाटो देशांची फौज सुचवली. मकारिओस यांनी नकार दिला. नाटोत ग्रीसही होता आणि तुर्कस्तानही. मग पंच कोण? त्यांना संयुक्त राष्ट्रांचीच फौज हवी होती. हा गृहस्थ १९६१ साली बेलग्रेडच्या अलिप्ततावादी परिषदेला जाऊन आलेला होता आणि संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात आपलं वजन किती आहे, याचा त्याला पुरता अंदाज होता. आपलं राज्य बेटभर चाललं पाहिजे आणि तुर्कस्तानने सैन्य उतरवता कामा नये, ही त्याची अपेक्षा. तुर्की सायप्रियटांना फौज हवी होती ती जिवाच्या रक्षणासाठी आणि १९६० ची घटना जशीच्या तशी परत यावी म्हणून. १५ फेब्रुवारी १९६४ ला ब्रिटन आणि सायप्रस, दोघांनीही सुरक्षा परिषदेचं दार ठोठावलं.

४ मार्चला ठराव १८६ एकमताने मंजूर झाला. वकिलांनी तो जरूर वाचावा, फार बेरकी मसुदा आहे. लढाई पुन्हा पेटू नये म्हणून फौजेने ‘शक्य ते सर्व प्रयत्न’ करायचे, गरज पडेल तसा कायदा-सुव्यवस्थेला हातभार लावायचा आणि ‘सामान्य परिस्थिती’ परत यायला मदत करायची. शस्त्रसंधी ‘लादायची’ असं त्यात कुठेही नाही. आणि ‘सामान्य’ म्हणजे काय? ग्रीकांसाठी सरकारचा अंमल सर्वत्र चालणं, तुर्कांसाठी जुनी घटना. एकाच शब्दाखाली दोघांनी मनातल्या मनात सही केली.

त्याहून जड शब्द दुसराच होता, ‘सायप्रसचं सरकार’. फौज त्याच्या संमतीने उभी राहायची होती. तोवर तुर्की मंत्री सरकारात उरलेच नव्हते. ग्रीक म्हणाले निघून गेले, तुर्क म्हणाले हाकललं. काहीही असो, ठरावाने फक्त ग्रीकांच्या हातात राहिलेल्या कचेरीला देशाचं सरकार म्हटलं. मकारिओस यांची खरी कमाई ही. सैनिक नंतर आले, शिक्का आधी मिळाला.

मुदत? तीन महिने. खर्च? सैन्य पाठवणाऱ्या देशांनी आणि सायप्रस सरकारने सोसायचा, वर ऐच्छिक वर्गणी. गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकावर चालणारी फौज म्हणा ना! हा वर्गणीचा कारभार १९९३ पर्यंत चालला.

२७ मार्चला फौज कामाला लागली. पहिले सेनापती भारतीय, जनरल ग्यानी. त्यांच्यानंतर जुलैमध्ये जनरल थिमय्या. भारताची तुकडी तिथे नव्हती, आपण सेनापती पुरवले. कोरियात युद्धकैद्यांचा गुंता हाताळलेला माणूस म्हणून थिमय्यांना मागणी होती. पण इथे सेनापतीने करायचं काय? किरेनियाचा रस्ता घ्या. निकोसियाहून उत्तर किनाऱ्याला जाणारा हा मुख्य रस्ता तुर्की लढवय्यांच्या ताब्यात होता. बरीच घासाघीस झाल्यावर ऑक्टोबर १९६४ मध्ये तो फौजेच्या हाती आला. मग ठरलेल्या वेळी ग्रीकांच्या गाड्यांची रांग लागायची, पुढे-मागे संयुक्त राष्ट्रांच्या जीप, आणि वरात निघाल्यासारखा तो ताफा डोंगर ओलांडायचा. सुगीच्या दिवसांत निळ्या टोपीचे सैनिक शेताच्या बांधावर उभे, म्हणून शेतकऱ्याला गहू कापता यायचा. तुर्कांच्या कोंडलेल्या वस्त्यांत सिमेंट, लोखंड, इंधन न्यायला सरकारने बंदी घातली होती. मग कोणत्या छपरासाठी किती पोती सोडायची, यावरही फौजेचे अधिकारी वाटाघाटी करत बसायचे. अशी कामं बातमीत येत नाहीत. माणसं मात्र त्यामुळे जगतात.

डिसेंबर १९६५ मध्ये थिमय्या तिथेच, कामावर असताना वारले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

लादण्याचा अधिकार नसलेली फौज कुठवर पुरते, ते १९७४ ने दाखवलं. १५ जुलैला अथेन्सच्या लष्करशहांच्या पाठिंब्याने बंड झालं आणि २० जुलैला तुर्कस्तानचं सैन्य उतरलं. जामीनदारच घरात शिरले. शांतिसेनेचे तेव्हाचे सेनापती दिवाण प्रेमचंद, हेही भारतीय. त्यांनी निकोसियाचा विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात घेतला आणि तो राखला, तोही कागदावरच्या अधिकारापेक्षा धीटपणाच्या जोरावर. पण उत्तरेत तुर्क, दक्षिणेत ग्रीक अशी बेटाची फाळणी त्यांना थांबवता येणार नव्हती.

आज दोन सैन्यांमधला पट्टा सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. कुठे सात किलोमीटर रुंद, तर जुन्या निकोसियाच्या गल्ल्यांत चार-पाच पावलं. तिथे फौजेची रोजची कटकट ती कसली? समोरच्याने वाळूच्या पोत्यांची रांग वाढवली, चौकी हातभर पुढे सरकवली, दगड भिरकावला. फौजेच्या प्राण गमावलेल्या माणसांची संख्या मात्र १८० च्या वर आहे.

तीन महिन्यांची ती फौज अजून तिथेच आहे. मुदतवाढीचा ठराव येतो, त्यात ‘सायप्रसच्या सरकारची’ संमती नोंदली जाते आणि आम्हाला कोणी विचारलंच नाही, असा निषेध उत्तरेकडचे तुर्की नोंदवतात.